आबांना रेडिएशनचा शेक देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

आबांचं तेरावं उरकलं आणि लिहायला बसले. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण ज्यांच्या घरात अन्ननलिकेच्या कॅन्सरचा पेशंट आहे, त्यांनाही हे कळायला हवं.

आपल्याकडे आलो तेव्हा आजार यकृतात पोचला होता. पाणी आणि पातळ पेज तेवढी घोट-घोट उतरायची. "आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या," असं एका ठिकाणी ऐकून आलो होतो. आपण फाइल उघडायच्या आधी आबांनाच विचारलंत, "काका, काय खावंसं वाटतंय?" "भाकरी, आमटीत कुस्करून," आबा म्हणाले.

मग त्यांच्या समोरच सगळं सांगितलंत. शेकाने आजार जाणार नाही, पण गाठ आकसली तर घास उतरेल. अन्ननलिकेची वाट उघडी ठेवणारी जाळी (स्टेंट) टाकली तर दोन-चार दिवसांतच फरक पडतो; पण आबांची गाठ जठराच्या तोंडाशी, तिथे जाळी बसवली की पोटातलं आंबट वर येत राहतं. शेकाचा गुण यायला काही आठवडे लागतात, मात्र तो जास्त टिकण्याची शक्यता असते. पाणी उतरतंय तोवर थांबता येईल, असंही म्हणालात. आबांनी शेक निवडला. आमच्यापैकी कुणी नाही, त्यांनी स्वतः.

पाच दिवसांत 20 ग्रे (ग्रे म्हणजे शेकाच्या मात्रेचं माप). सोबत केमोही द्या म्हणून दादा हटून बसला होता. त्याच्यावर न चिडता आपण 2018 साली प्रसिद्ध झालेला, 220 रुग्णांचा अभ्यास समजावलात: नुसत्या शेकाने 35 टक्के जणांचं गिळणं सुधारलं, केमो जोडल्यावर 45 टक्के, पण हा फरक खात्रीचा म्हणण्याइतका नव्हता, आणि मळमळ-उलट्या मात्र वाढल्या. आबांच्या अंगात तेवढं सोसायचं बळ उरलं नव्हतं. दादाला ते पटलं.

मशीनवरच्या भाऊंचेही आभार. छातीवरच्या शाईच्या खुणा पुसू नयेत म्हणून आंघोळ कशी घालायची, ते त्यांनी आईला टॉवेल हातात घेऊन दाखवलं. आत आबा एकटे असायचे, तेव्हा माइकवरून "काका, हलू नका, झालंच" असा त्यांचा आवाज यायचा.

शेक संपता संपता सूज आली, पाणीही अडकू लागलं. असं होऊ शकतं हे आपण आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही. रात्री फोन केला तर आपण स्वतः उचललात आणि सकाळी सलाइनची सोय करून ठेवलीत.

मग हळूहळू मऊ भात, खिमट आणि एके दिवशी आमटीत भिजवलेली चतकोर भाकरी. आबा फार वेळ चावत होते. गिळली, आणि आईकडे बघून म्हणाले, "मीठ कमी आहे." आई हसत हसत रडली.

शेवटच्या दिवसांत पुन्हा अडायला लागलं. पण त्याआधी नातीच्या बारशाला आबा पंगतीत बसून जेवले. ते जेवण आम्हाला आपल्यामुळे बघायला मिळालं, मॅडम.

आपली ऋणी,
आबांची धाकटी लेक