बेटावरचा हिवाळा
संपादक साहेब, हिवाळ्यात छोट्या बेटावर बोअर नाही का होत असं सगळेच विचारतात म्हणून लिहितोय. अहो, टुरिस्ट गेले की बेट परत आपलं होतं! वारा चढला की बोट कॅन्सल, मग बॅगा घेऊन धक्क्यावर गेलेली माणसं तशीच मागे फिरतात आणि वाटेत कुणाच्या तरी दारात तासभर गप्पा मारत बसतात, घाई कुणालाच नसते. समुद्र हळूहळू गार होतो त्यामुळे थंडी तशी मऊच, वारा तेवढा कानात शिरतो. अंधार लवकर पडतो, दिवे मोजकेच, मृगातले ते रांगेतले तीन तारे इतके स्पष्ट की टॉर्च बंद करावासा वाटतो. येणारा माणूस नुसत्या पावलांवरून ओळखू येतो, परवा तर एकाला खोकल्यावरून ओळखलं.