अधिवेशन डिसेंबरात, मृगाचा संत्रा फेब्रुवारीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या 'वाचकांची पत्रे'मध्ये काटोलकडच्या एका तरुण बागायतदाराचं पत्र आलं होतं. संत्र्याच्या प्रसाराच्या नावाखाली आमदार-मंत्र्यांच्या पीएंची सोय लावली जाते आणि ज्यांनी जन्मात कधी जंबेरीवर डोळा भरला नाही, म्हणजे लिंबाच्या खुंटावर संत्र्याचं कलम बांधलं नाही, ते आम्हाला मार्केटिंग शिकवतात, असा त्याचा राग. पत्रात नाव कोणाचंच नव्हतं. तरी सकाळी चहाच्या वेळी बायकोने पेपर माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "घ्या, तुमच्यावरच आहे."

आहेच. १९९५ ते २००९ मी एका आमदारांचा स्वीय सहाय्यक होतो आणि २०१० ते २०२१ संत्र्याच्या प्रसाराचं काम करणाऱ्या एका संस्थेत. दुसरी नोकरी पहिलीच्या जोरावर मिळाली, हेही खरं. साहेबांचं तिकीट कापलं गेलं, तेव्हा त्यांनी लेटरहेडवर माझ्यासाठी दोन ओळींची शिफारस दिली. त्या दोन ओळीसुद्धा मीच टाइप केल्या होत्या, साहेबांनी नेहमीसारखी न वाचता सही केली.

तेव्हा त्या पोराचा अर्धा राग मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल हे पत्र.

पीए म्हणजे बॅग उचलणारा, असं लोकांना वाटतं. बॅग उचलावी लागते, त्यात लाज नाही. पण सकाळी सहाला दारात माणूस उभा असतो. कोणाच्या बापाला मेडिकलला बेड पाहिजे, कोणाचा मेयो इस्पितळातला रिपोर्ट अडकला, कोणाची विहीर मंजूर होऊन तीन वर्षं झाली आणि कागद कोणत्या टेबलावर आहे तेच कळत नाही. हिवाळी अधिवेशनात तर आमदार निवासाच्या व्हरांड्यात माणसं चादर टाकून झोपलेली असत. त्यांना ओलांडत जायचं, गॅलरीचे पास काढायचे, लक्षवेधीचा, म्हणजे सभागृहात सरकारचं लक्ष वेधायच्या सूचनेचा, मसुदा वेळेत पोचवायचा. चौदा वर्षांत एकच विद्या पक्की शिकलो: कागद आपण होऊन चालत नाही, त्याच्या मागे माणूस चालावा लागतो. आमच्या भाषेत याला पाठपुरावा म्हणतात. हा शब्द लोकांनी पत्रांच्या शेवटी लिहून लिहून पार गुळगुळीत केला आहे.

ही विद्या संत्र्याच्या कामी आली. नागपूर संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या नावाला कायद्याचं संरक्षण, मिळालं. सत्कार झाले, फोटो निघाले. पण त्या मानांकनाचा हक्काने वापर करायचा तर बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते, हे गावात कोणाला माहीत नव्हतं. आमच्या कृषी पदवीधरांनी पॉवरपॉइंट करून सभा घेतली. लोक ऐकून, पोहे खाऊन घरी गेले. मग मी माझ्या पद्धतीने गेलो. तलाठ्याची बसायची वेळ काढली, झेरॉक्सवाल्याला सकाळी लवकर दुकान उघडायला लावलं, सातबारा, आधार, सह्या, सगळं देवळाच्या ओट्यावरच गोळा केलं. आठवडाभरात चाळीसच्या वर अर्ज भरून झाले. डोळा कसा भरतात ते मला आजही नीट येत नाही. अर्ज भरता येतो.

आता माझी चूक सांगतो. तिच्याबद्दल त्या पत्रात काहीच नव्हतं, आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे.

१९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं आणि ते भरतं डिसेंबरात. अधिवेशन आलं की संत्र्याच्या पेट्या आल्याच. आमदार निवासातल्या आमच्या खोलीत दोन्ही खाटांखाली पेट्या रचलेल्या असत आणि कोट, फाइली, गादी, सगळ्याला सालीचा वास लागलेला. प्रत्येक पेटीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी: अमुक साहेब, तमुक साहेब. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका आमदारांच्या पीएने एकदा जानेवारीत फोन केला होता. "भाऊ, पेटी पोचली, आभारी आहे. पण तुमचा संत्रा जरा आंबटच निघाला." मी हसण्यावारी नेलं.

हसण्यासारखं नव्हतं. डिसेंबरात मिळतो तो आंबिया बहार. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, दिवाळीनंतर तोडणीला येतो. चांगला असतो, पण किंचित आंबट. मृग बहार निराळा. मे महिन्यात झाडाला तान द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, पानं मलूल झाली तरी हात आखडून बसायचं आणि आभाळाकडे बघायचं. पाऊस वेळेवर पडला तर मृग फुटतो, नाही पडला तर त्या वर्षी झाडावर नुसती पानं. फुटला तर फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात येतं, आणि त्याची गोडी आंबियाला नाही. पिढ्यान्‌पिढ्या संत्रा लावणाऱ्या घरात जन्मून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी कॅलेंडर बघायचो ते अधिवेशनाचं.

संस्थेत गेल्यावरही तेच केलं. आमच्या पहिल्याच मोठ्या कार्यक्रमाची तारीख मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतली, कारण पाहुण्यांच्या डायरीत तेवढीच जागा होती. मंडप पडला, बॅनर लागले. स्टॉलवर ठेवायला फळ मात्र पुरतं रंगावर आलं नव्हतं. शेतकऱ्यांनी माझ्या शब्दाखातर कच्ची तोड केली. एका म्हाताऱ्या बागायतदाराने क्रेट खाली ठेवताना विचारलं, "काहून जी, अजून महिनाभर थांबता आलं नसतं काय?" पाहुणे येऊन भाषण करून गेले. त्यांनी एक फाकही खाल्ली नाही, नशीब म्हणायचं.

याच्या उलट एक दिवस आठवतो. एका फेब्रुवारीत दिल्लीच्या एका प्रदर्शनात आम्हाला कोपऱ्यातला स्टॉल मिळाला. शेजारी पंजाबच्या किन्नू संत्र्यांचे ढीग, चकचकीत, एकसारखे. आमचा मृगाचा संत्रा त्याच्यापुढे गावाकडच्या पाहुण्यासारखा दिसत होता, साल सैल, देठाशी उंचवटा. एक बाई थांबल्या. त्यांनी अंगठा लावला आणि साल एका दमात सुटून हातात आली. त्या बघतच राहिल्या. एक फाक तोंडात टाकली, दुसरी बरोबरच्या मुलाला दिली आणि विचारलं, "ये मिलता कहाँ है?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दिल्लीत त्या आठवड्यात हे फळ हमखास मिळेल असं एकही दुकान मला सांगता येईना. उरलेली अर्धी पेटी मी त्यांना तशीच दिली. प्रवासखर्चाच्या हिशोबात ती पेटी कशी दाखवायची याचा मला नंतर बराच त्रास झाला, ते सोडा.

अकरा वर्षांतल्या सगळ्या मंडपांपेक्षा ते एक वाक्य माझ्या जास्त लक्षात आहे. द्राक्षवाल्यांनी हा प्रश्न वेळेत ओळखला. १९९१ साली त्यांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स उभं केलं आणि माल कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रतीचा पोचवायचा याची घडी बसवली. आमचा संत्रा मात्र बराचसा उभी बाग, म्हणजे फळ झाडावर असतानाच, विकून जातो. इसाराची आगाऊ रक्कम घेतली की शेतकरी मोकळा, पुढे फळ नागपूरच्या कळमना बाजारात गेलं की बांगलादेशला, हे त्याला ट्रकवाल्याकडून कळतं. आणि बांगलादेशने आयात शुल्क वाढवत नेलं, तेव्हा सगळ्यांनाच धाव घ्यावी लागली ती पुन्हा आमदारांच्या दारात. तिथे नवा पीए बसलेला असतो, तो निवेदन घेतो आणि पोच देतो. मी त्याला दोष देत नाही. ढाक्यातला कर नागपूरच्या लक्षवेधीने उतरत नाही. पण देशातली दुसरी गिऱ्हाइकं आपण आधीच धरून ठेवली असती, तर एका सीमेवर एवढं अवलंबून राहावं लागलं नसतं.

२०२० आणि २०२१ साली हिवाळी अधिवेशन नागपुरात झालं नाही. संस्थेच्या 'सदिच्छा पेट्या' त्या दोन वर्षी गेल्या नाहीत. मी मुद्दाम वाट बघितली. पेटी का आली नाही म्हणून एकाही साहेबांचा फोन आला नाही.

त्या तरुणाला माझं म्हणणं एवढंच, की पीए नको म्हणून भांडू नकोस, तारखेसाठी भांड. प्रसाराचा कार्यक्रम नेत्याच्या सवडीने नको, बहाराच्या तोडणीने ठरव. मृग फुटलाच नाही, त्या वर्षी मार्चचा मंडपच घालू नये, पैसे पुढच्या वर्षाला ठेवावेत. शासनाच्या हिशोबात असा शिल्लक पैसा ३१ मार्चला परत जातो, हे मला माहीत आहे. तो परत जाऊ नये म्हणून मंत्रालयात कोणत्या मजल्यावर, कोणत्या टेबलापाशी उभं राहावं लागतं हेही माहीत आहे. आणि त्या कामाला, बाळा, तुला माझ्यासारखाच कोणीतरी लागेल. त्याला आधी एक वर्ष बागेत राबव, तान देताना आणि फळगळ होताना उभा कर, मग मुंबईला पाठव. माझ्या बाबतीत ते कोणी केलं नाही.

आमची काटोल रोडवरच्या गावात अडीच एकर बाग आहे, आता धाकटा भाऊ बघतो. यंदा मृग बरा फुटला आहे, दोन झाडांना डिंक्या रोग लागला तेवढं सोडून. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तोडणी लागेल. पत्र लिहिणाऱ्या त्या तरुणाने जरूर यावं, आपणही यावं. झाडाखाली बसून खाऊ. भावाला डोळा भरायला उत्तम येतो, मलाही शिकायचं राहिलंच आहे.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
एक माजी स्वीय सहाय्यक, नागपूर

(नाव छापू नये ही विनंती. साहेब अजून पेपर वाचतात.)