कॅम्प की नाशिकरोड

सॉर्ड्स, डब्लिन
रविवार

ती. अण्णा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार,

व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मधेच दादा फोन हिसकावून कुठल्या तरी गच्चीवरून दिसणारा डोंगर दाखवतो, आणि तासाभराने फोन ठेवला की माझ्या हाती काही लागत नाही. म्हणून या वेळी लिहूनच पाठवते. दादा, हे छापून अण्णांच्या हातात दे. मोबाइलवर देऊ नकोस, अर्ध्यात बातम्या लावतील.

विकत घ्यायला एवढी घरं पाहून शेवटी दोनच उरली, हे बरं झालं. अण्णांचं मन देवळाली कॅम्पात, लॅमरोडवरून आत वळल्यावरच्या त्या बैठ्या घरात. आईचं नाशिकरोडला, जयभवानी रोडच्या फ्लॅटमध्ये. दादाचं मन जिथे गाडी सावलीत लागेल तिथे, त्यामुळे त्याचं मत मी मोजत नाही. दोन्ही ठिकाणं सहा-सात किलोमीटरांच्या आतली, रिक्षावाला एकाच दमात दोन्हीकडे फिरवून आणतो. पण राहायला गेलं की ही दोन वेगळी गावं आहेत, आणि अण्णा ते मानायला तयार नाहीत.

आधी कॅम्पाच्या बाजूचं बोलते, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणारच नाही. हवेचं म्हणाल तर वादच नाही. पारशी, गुजराती, सिंधी मंडळींनी तिथे सॅनेटोरियमं उगाच बांधली नाहीत. रस्त्याकडेची जुनी झाडं, मोकळे प्लॉट, पहाटे खंडोबाच्या टेकडीवर चढणारी माणसं, हे सगळं मलाही हवंहवंसं वाटतं. तोफखान्याचं स्कूल फाळणीच्या आधीच काकूलहून देवळालीला कसं आलं, ते तुमच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आता मीच सांगू शकेन. पण त्या स्कूलच्या तोफा सराव करतात तेव्हा तावदानं वाजतात, हे तुम्ही आईला सांगितलंत का? उपनगर भागात डोक्यावरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरांना ती इतकी वर्षं नावं ठेवत आली. तोफांचं तिला आधीच सांगून ठेवा, गृहप्रवेशाच्या दुपारी कळायला नको.

आता खरा मुद्दा. "लॅमरोड" हा पत्ता म्हणून काहीच सांगत नाही. विहितगावकडचा भाग महापालिकेत. पुढे गेलं की कॅन्टोन्मेंट, म्हणजे लष्करी छावणीचं बोर्ड. बाजूला संसरीची ग्रामपंचायत, आणि जरा पलीकडे भगूरची नगरपरिषद. हाकेच्या अंतरात चार कारभार. शिवाय देवळाली गाव वेगळं आणि देवळाली कॅम्प वेगळा, हे बाहेरच्याला समजावताना तुमचीच दमछाक होते. त्यामुळे एजंटाला पहिला प्रश्न हाच विचारायचा: घरपट्टीची पावती कुणाची आहे? तो गुळमुळीत बोलायला लागला तर चहा पिऊन निघून या.

कॅन्टोन्मेंट निघालं, तर तिथला कायदा २००६ चा, आणि वरचा मालक संरक्षण मंत्रालय. जमिनींची नोंद जनरल लँड रजिस्टर नावाच्या वहीत असते, तिला सगळे जीएलआर म्हणतात. त्यात जागेचा वर्ग लिहिलेला असतो. खासगी मालकीची जागा असेल तर प्रश्न कमी. पण "ओल्ड ग्रँट" किंवा बी-३ लिहिलं असेल, तर जमीन सरकारची आणि आपण फक्त वरच्या भिंती विकत घेणार. असं घर विकायला, वाढवायला, नावावर करायला परवानगीच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि बँका कर्ज द्यायला नाक मुरडतात. त्या बैठ्या घराच्या मागे एक खोली वाढवायचं अण्णा म्हणत होते ना? जीएलआरचा उतारा पाहिल्याशिवाय त्या खोलीला रंग कुठला द्यायचा यावर चर्चा नको.

त्यात छावण्यांमधला नागरी भाग काढून शेजारच्या पालिकांना जोडायचं केंद्राचं धोरण आहे. देवळालीत त्यावरून काय काय चाललंय ते तुम्हीच मला सांगता. उद्या महापालिकेत गेलो तर कर बदलणार, नियम बदलणार, कदाचित भावही बदलतील. कुणी सांगतं आत्ताच घ्या, सोनं होईल. होईलही. पण आपण सोनं घ्यायला निघालेलो नाही, तुम्हाला राहायला घर हवंय.

अण्णा, आता जरा कडू बोलते. कॅम्पातलं ते घर तुमच्या स्कूटरच्या भरवशावर उभं आहे. दूध, औषधं, बँक, पेन्शनचं काम, संध्याकाळी प्रेसमधल्या मित्रांचा कट्टा, सगळीकडे तुम्ही स्कूटरवर जाणार आणि आईला मागे बसवणार. आज ते जमतंय. ज्या दिवशी डॉक्टर स्कूटर बंद करायला सांगतील, किंवा दादा चावी लपवील, त्या दिवशी आई त्या आतल्या गल्लीतून रिक्षा मिळेपर्यंत चालणार का? अंधार पडल्यावर शेअर रिक्षा मुख्य रस्त्यावरूनच निघून जातात. तिला गाडी येत नाही, आणि या वयात तिने शिकावी असा माझा आग्रहही नाही.

जयभवानी रोडवर मात्र तिला तुमची गरजच नाही. हे वाक्य तुम्हाला बोचेल, पण तिला विचारून पाहा. भाजी तिची ती आणते. मुक्तिधामच्या देवळात जायला ती तुमच्यामुळे कधीच थांबलेली नाही. जेलरोडला मावशी आहे, भिशीच्या बायका दत्तमंदिर ते बिटको एवढ्याच पट्ट्यात राहतात, महापालिकेचं बिटको हॉस्पिटल जवळ आहे, आणि देवळालीगावच्या बाजाराला पिशवी घेऊन निघाली की दोन तास ती कुणालाच सापडत नाही. नेहरूनगरचं क्वार्टर सोडून उपनगरला भाड्याने आलो तेव्हा तिची ही सगळी घडी एकदा विस्कटली होती. तेव्हा ती काही बोलली नाही. आता बोलतेय, तर ऐका.

म्हणजे नाशिकरोड स्वर्ग आहे असं नाही. पाण्याचं बघा. दारणा नदीवरच्या चेहेडी बंधाऱ्यात वालदेवी नदीचं घाण पाणी मिसळतं, आणि मग नळाला काय येतं याची ओरड तुम्ही दर उन्हाळ्यात पेपरातून कापून मला पाठवता. म्हणून फ्लॅट बघताना नळ सोडून बघू नका, त्याने काही कळत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे मागच्या दोन-तीन वर्षांचे हिशेब मागा, आणि टँकरवर किती खर्च पडलाय तेवढी एक ओळ वाचा. जाहिरातीत जे लिहीत नाहीत ते हिशेबात लिहावंच लागतं.

दुसरं, खिडकीसमोरचा तो मोकळा प्लॉट. आई म्हणाली वारा छान येतो. २०२० च्या शेवटी राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आल्यापासून नाशिकरोडला जुने बंगले पाडून उंच इमारती उठतायत. तो प्लॉट मोकळा राहील असं धरून पैसे मोजू नका. वारा गेला तरी घर आवडेल का, एवढंच बघा. कॅम्पात मजल्यांवर मर्यादा आहे म्हणून अण्णांना तिकडे सुरक्षित वाटतं, आणि या एका बाबतीत त्यांचं बरोबर आहे.

बिबट्याचा मुद्दा दोघांनीही एकमेकांवर ढकलू नका. दारणा-वालदेवीच्या काठच्या उसातून तो कॅम्पातही जातो आणि जयभवानी रोडलाही येऊन गेलाय. त्याने अजून कुणाची बाजू घेतलेली नाही.

मेट्रो येणार असं एजंट जे बोलला, ते तर सोडूनच द्या. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत आपला दादाही होता. गंगापूर ते नाशिकरोड मार्गिका, टायरवर धावणारी मेट्रो, नकाशे, सगळं झालं. मेट्रो काही अजून आली नाही, तिच्या नावाने एजंटांनी भाव मात्र वाढवले. इथेही तेच बघते. मी राहते त्या सॉर्ड्सला रेल्वे नाही, आणि लागूनच असलेल्या मालाहाईडला समुद्र आहे, जुना किल्ला आहे, आणि थेट डब्लिनात नेणारी डार्ट गाडीही आहे. अर्थात तिकडे भाडं चढं. सॉर्ड्सला मेट्रो येणार हे लोक इतकी वर्षं ऐकतायत की आमची घरमालकीण आता त्यावर हसतसुद्धा नाही, बसचं वेळापत्रक बघते. मुंबईला जायला पंचवटी आजही नाशिकरोडला थांबते, तेवढी रेल्वे आपल्याला पुरे. सिंहस्थासाठी रस्ते होतील, तेही झाल्यावर बघू. २०२७ मध्ये स्टेशनाजवळ गर्दी किती होईल याची मात्र मानसिक तयारी ठेवा.

पैशाचं सांगते. फ्लॅटचा मालक ५५ लाख म्हणतोय. घर आईच्या एकटीच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात महिलेच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे सरळ ५५ हजार वाचतात. नोंदणी फी एक टक्का असली तरी ३० हजारांच्या वर जात नाही. अण्णा, तुम्ही म्हणाल की असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नाही. ती अट होती, २०२३ मध्ये काढली. शिवाय व्यवहार ५० लाखांच्या वरचा आहे, म्हणून मालकाला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस आपल्याला कापून भरावा लागतो. मालक "ते माझं मी बघतो" म्हणाला तरी ऐकू नका, नोटीस त्याला नाही, आईला येईल. आणि तो मालक स्वतः परदेशी राहणारा निघाला तर हा हिशेब पूर्ण बदलतो, ते आधी विचारा.

माझं नाव घालायचा आग्रह नको. माझं नाव आलं की दूतावासात पॉवर ऑफ ॲटर्नी, ती तिकडे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक, प्रत्येक सहीला कुरिअर. मी पैसे आईच्या खात्यात पाठवते, मुलीने आईला दिलेल्या पैशावर कर लागत नाही. अण्णा, तुमचं नाव दारावरच्या पाटीवर राहू द्या, तिथे मुद्रांक शुल्क नाही.

आता माझं मत. नाशिकरोड. पण तुम्ही पाहिलेला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट नाही. वहिनींनी सांगितलं की त्याच सोसायटीत पहिल्या मजल्यावरचाही एक विकायचाय, थोडा अंधारा आहे आणि स्वयंपाकघर लहान आहे. तोच बघा. लिफ्ट असली तरी वीज गेल्यावर ती चालते का, हे तिथल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारा. ओटा फोडून मोठा करता येतो, मजला खाली आणता येत नाही. अण्णांना त्यात झाडं दिसणार नाहीत हे मला मान्य आहे, आणि त्याचं मला वाईटही वाटतं. पण कॅम्पात पहाटे फिरायला जायला घर तिथे असावं लागत नाही. स्कूटर आहे तोवर जा, नंतर दादा नेईल. दादा, हे तुझ्यासाठी लिहिलंय, पान उलटू नकोस.

शनिवारी वकिलांकडे जाताना एवढं घेऊन जा: इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला, मालकाचं शेअर सर्टिफिकेट, त्याच्या खरेदीची इंडेक्स टू (म्हणजे दस्त नोंदणीचा उतारा), चालू घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावावर झालंय की अजून बिल्डरच मालक आहे, ते वकिलांना स्पष्ट विचारा. पार्किंगची जागा मंजूर नकाशात आहे का तेही बघा, नुसतं खांबावर पांढऱ्या रंगाने नंबर रंगवलेला असतो. प्रत्येक कागदाचा फोटो मला पाठवा, सरळ धरून, अंगठा न येता. कॅम्पातल्या मालकाला अजून नाही म्हणू नका. इथले कागद नीट निघाले नाहीत तर त्या घराचा जीएलआर उतारा काढून बघू. टोकन मात्र दोन्हीकडे एक रुपयाही नाही, मालकाने कितीही घाई केली तरी.

आई, पहिल्या मजल्यावरचा बघायला जाशील तेव्हा दुपारी जा आणि दिवे लावू देऊ नकोस. किती अंधार आहे ते फोनवर सांग. बुधवारी माझी सुट्टी आहे, तुमच्या संध्याकाळी फोन करते.

तुमची,
मंजू