पारव्यांच्या बंदोबस्ताची कामे रात्री नकोत

महोदय,

सोलापुरातील अनेक गृहनिर्माण संस्था आणि व्यापारी संकुले पारव्यांच्या विष्ठेने त्रासलेली आहेत आणि त्यांच्या बंदोबस्ताची कामे बऱ्याच ठिकाणी अंधार पडल्यावर उरकली जातात. आमच्या इमारतीच्या डक्टला जाळी बसवण्याचे कामही असेच रात्री झाले. कंत्राटदाराच्या माणसांनी प्रखर विजेऱ्यांचे झोत टाकून आणि पत्रे बडवून झोपलेले पक्षी उठवले. अंधारात बाहेर पडलेले काही पारवे समोरच्या भिंतीवर आणि तारांवर आपटले, आणि दुसऱ्या दिवशी जाळीच्या आतून पिल्लांचे चिरकणे ऐकू येऊ लागले. दिवसा पारवे हाताला लागत नाहीत, रात्री ते जागचे हलत नाहीत, म्हणून रात्रच सोयीची, असे याचे समर्थन केले जाते. या पक्ष्याची दिनचर्या आणि झोप यांविषयी जे ज्ञात आहे ते पाहता हे समर्थन टिकत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आरोग्याचा प्रश्न मी नाकारत नाही. वाळलेल्या विष्ठेची धूळ आणि पिसांचे सूक्ष्म कण दीर्घकाळ श्वासावाटे आत गेल्यास काहींना फुफ्फुसांचा गंभीर ॲलर्जीजन्य विकार होतो, आणि २०२५ साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून उठलेल्या वादात हाच मुद्दा ऐरणीवर आला होता. पारव्यांची संख्या आटोक्यात राहावी आणि राहत्या घरांजवळ त्यांचा मुक्काम नसावा, असेच माझेही मत आहे. माझा आक्षेप आहे तो वेळेला आणि पद्धतीला.

पारवा हा मूळचा डोंगरकड्यांच्या कपारीत राहणारा पक्षी. आपल्याकडे जुन्या विहिरींच्या आतल्या बाजूच्या कोनाड्यांत, किल्ल्याच्या तटात आणि बंद पडलेल्या गिरण्यांच्या खिडक्यांत तो पिढ्यान्पिढ्या राहत आला आहे. इमारतीचा डक्ट आणि वातानुकूलन यंत्रामागची फट त्याच्या दृष्टीने कपारच असते. तो पूर्णपणे दिवसाचा पक्षी आहे. उजाडताच तो खाण्यासाठी बाहेर पडतो, सकाळी आणि पुन्हा दुपार कलल्यावर दाणे टिपतो, मधल्या वेळेत सावलीत बसून पिसे साफ करतो आणि डुलक्या घेतो, आणि सूर्यास्तापूर्वी मुक्कामाच्या जागी परततो. चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या एप्रिल-मे महिन्यांत ही दुपारची विश्रांती साहजिकच लांबते. सोलापुरात डिसेंबरातला दिवस सुमारे अकरा तासांचा, तर जूनमधला तेरा तासांहून थोडा मोठा असतो, आणि त्याप्रमाणे पारव्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळाही मागेपुढे होतात. छपरावर ढाबळ बाळगणारी अनुभवी मंडळी दिवस मावळतीला आल्यावर कबुतरे उडवत नाहीत, कारण अंधारात हा पक्षी चाचपडतो आणि वाट चुकतो. जे त्यांना अनुभवाने कळले आहे, ते रात्री विजेऱ्या घेऊन येणाऱ्यांनाही कळायला हवे.

दुपारच्या डुलक्या या निव्वळ आळसाच्या नसतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कबुतरांना दिवसाच्या शेवटच्या आठ तासांत झोपू दिले नाही, तेव्हा त्या रात्री त्यांच्या मेंदूतील गाढ झोपेच्या संथ लहरींची तीव्रता वाढलेली आढळली. दिवसा बुडालेली झोप हा पक्षी रात्री भरून काढतो, अगदी आपल्याप्रमाणेच. रात्रही मोडली, तर त्याने ती केव्हा भरून काढावी?

त्याची रात्रीची झोप तर अभ्यासण्याजोगी आहे. पंखाखाली डोके खुपसून झोपणे ही बहुतेक पक्ष्यांची ओळख मानली जाते, परंतु कबूतर बहुधा मान आखडून, पिसे फुलवून आणि चोच छातीच्या पिसांकडे झुकवून बसते. कित्येकदा त्याचा एक डोळा उघडा असतो. मिटलेल्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूचा मेंदूचा अर्धगोल त्या वेळी अधिक गाढ झोपलेला असतो आणि उघड्या डोळ्याशी जोडलेला अर्धगोल काहीसा सावध असतो, हे मेंदूतील विद्युत लहरींच्या नोंदींवरून दिसून आले आहे. म्हणजे शत्रूची चाहूल घेत घेत झोपण्याची सोय निसर्गानेच त्याला दिली आहे. परंतु या सावधपणाची किंमत गाढ झोप कमी होण्यात मोजावी लागते.

माणसाला स्वप्ने पडतात त्या प्रकारची झोपही कबुतराला येते. तिचे तुकडे अवघे काही सेकंदांचे असतात आणि रात्र सरत जाते तसे त्यांचे प्रमाण वाढत जाते. जर्मनीतील बोखुम येथील विद्यापीठ आणि माक्स प्लांक संस्था यांतील संशोधकांनी १५ कबुतरांना स्कॅनर यंत्रात झोपण्याची सवय लावून २०२३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या स्वप्नाळू झोपेत मेंदूतील दृष्टीची केंद्रे कार्यरत होतात, त्यांतही उडताना भोवतालचे दृश्य मागे सरकते त्या हालचालीचे आकलन करणारे भाग जागे होतात, असे त्यांना आढळले. कबूतर झोपेत उडण्याची स्वप्ने पाहत असावे, अशी शक्यता त्यांनी मांडली आहे. याउलट गाढ झोपेत मेंदूच्या पोकळ्यांमधून द्रवाचा प्रवाह वाढतो आणि मेंदूतील टाकाऊ पदार्थ वाहून नेण्यास त्याची मदत होत असावी. ज्याला आपण ‘नुसता बसलेला पारवा’ म्हणतो त्याच्या डोक्यात रात्रभर एवढे चाललेले असते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

प्रकाशाचा मुद्दा याहून गंभीर आहे. पक्ष्यांच्या मेंदूतील पीनियल ग्रंथी कवटीतून झिरपणारा उजेडही टिपते, आणि कबुतराच्या शरीरातील दैनंदिन घड्याळ ही ग्रंथी व डोळे मिळून चालवतात. परतीची दिशा ठरवताना सूर्य आकाशात कोठे आहे याची सांगड हा पक्षी याच घड्याळाशी घालतो. बंदिस्त जागेत कृत्रिम दिव्यांनी ते सहा तासांनी सरकवलेली कबुतरे सोडल्यावर सुमारे ९० अंशांनी चुकीच्या दिशेला निघतात, हे गेल्या शतकाच्या मध्यापासून वारंवार सिद्ध झाले आहे. २०२० साली ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात रस्त्यावरील दिव्यांइतका उजेड रात्री ठेवला असता कबुतरांच्या झोपेत व्यत्यय आला, आणि उजेड पांढरा असो वा पिवळसर, कबुतरांच्या बाबतीत परिणाम सारखाच झाला. दिव्याचा रंग बदलला की पक्ष्यांचे भागले, असे समाधान त्यामुळे मानता येणार नाही. डक्टमध्ये आणि सज्जांवर रात्रभर झोतदिवे लावून पारवे पळवण्याचा उपाय काही ठिकाणी केला जातो. पारवा आपल्या मुक्कामाच्या जागेला इतका चिकटून राहतो की तो जागा सोडत नाही. तो फक्त नीट झोपत नाही, आणि विष्ठा होती तेथेच पडत राहते.

आता घरट्यांविषयी. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि ती साधारण १८ दिवसांत उबतात. उबवण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात: सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत नर बसतो, तेथून पुढे रात्रभर आणि सकाळपर्यंत मादी. रात्री घाबरून उठलेली मादी अंधारात घरट्याकडे परतू शकली नाही, तर अंडी थंड पडतात. पिल्ले बाहेर आल्यावर पहिले काही दिवस नर आणि मादी दोघेही आपल्या अन्नपिशवीत तयार होणारे दुधासारखे अन्न त्यांना भरवतात. इतर पक्ष्यांप्रमाणे किडे आणून काम भागत नाही, त्यामुळे पालक जाळीबाहेर अडकले की पिल्लांची उपासमार अटळ होते. पिल्ले थोडी मोठी झाल्यावर पालक दिवसा बराच वेळ बाहेर असतात आणि डक्ट शांत वाटतो; ही शांतता पाहून ‘घरटे रिकामे आहे’ असे कोणी ठरवू नये. पिल्ले उडू लागायला चार ते पाच आठवडे लागतात.

संख्या कमी करण्याचा खरा मार्ग दाण्यातून जातो. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात पारवे मारण्याचे आणि पकडण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे निष्फळ ठरले. १९८८ पासून लोकांना दाणे न टाकण्याविषयी समजावणारी मोहीम नेटाने राबवल्यावर चार-पाच वर्षांत तेथील कबुतरे निम्म्यावर आली. सोलापूर हा ज्वारीचा मुलूख आहे आणि पक्ष्यांना मूठभर ज्वारी टाकणे हे आपल्याकडे पुण्याचे काम मानले जाते. त्या भावनेविषयी मला आदर आहे, परंतु चौकात पोत्याने ज्वारी ओतल्यामुळे वर्षभर पिल्ले वाढतात आणि पुढे त्याच पिल्लांवर रात्री विजेऱ्या रोखल्या जातात, हा क्रम दात्यांनी ध्यानात घ्यावा.

महानगरपालिकेला आणि गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, जाळी बसवण्याचे काम सकाळी पक्षी चरायला गेल्यानंतर सुरू करून सूर्यास्ताच्या पुरेसे आधी थांबवावे, अशी अट कंत्राटातच लिहावी. डक्ट आधी वरपासून खालपर्यंत पाहावा आणि अंडी वा पिल्ले आढळल्यास तेवढा भाग ती उडून जाईपर्यंत खुला ठेवावा. ती उडाल्यावर तेथील काड्या लगेच काढून जागा बंद करावी, कारण पारव्यांची जोडी त्याच ठिकाणी पुन्हा अंडी घालते. विष्ठा साफ करताना ती पाण्याने भिजवून घ्यावी आणि कामगारांना मुखपट्टी द्यावी. भुईकोट किल्ल्याच्या आणि सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात शोभेचे दिवे लावताना त्यांचे झोत तटाच्या कपारींवर न टाकता जमिनीकडे वळवावेत आणि मध्यरात्रीनंतर ते बंद ठेवावेत. या कशासाठीही वेगळा निधी लागणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक, सोलापूर