घारापुरीत माणसंही राहतात

संपादक महोदय,
सुट्टीच्या दिवशी गेटवेवरून एलिफंटाच्या, म्हणजे घारापुरी बेटाच्या, लाँच भरभरून सुटतात, लोक लेणी बघतात, माकडांना वेफर्स टाकतात आणि संध्याकाळी परत, पण त्या बेटावर शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत हे कितीजणांना माहितीये? युनेस्कोचा दर्जा १९८७ला मिळाला, कायमची वीज मात्र समुद्राखालून केबल टाकून २०१८ला आली, म्हणजे ३१ वर्षांनी! पायऱ्यांवर टोप्या-माळा विकणाऱ्या मावशींचं घर याच गर्दीवर चालतं, त्यामुळे पर्यटन बंद करा असं अजिबात म्हणत नाही. पण रिकाम्या बाटल्या तिथंच का फेकायच्या, पावसात त्या थेट समुद्रात जातात. पर्यटकांच्या पैशातून आधी गावांच्या पाण्याची, कचऱ्याची सोय करा आणि ज्याची बाटली त्याने लाँचमधून परत आणावी, हवं तर गेटवेला तपासा.

– एक वाचक, गिरगाव