सेव्हियाहून पत्र

सेव्हिया (स्पेन), रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "चित्रं बघायला एवढ्या लांब कशाला यायचं? आम्हाला त्यातलं काय कळणार?" फोनवर वाद घालत बसले नाही. आज इथल्या कलासंग्रहालयात पुन्हा जाऊन आले आणि आता सविस्तर लिहितेय.

हा मूळचा मठ आहे, सतराव्या शतकात बांधलेला. १८३५ साली इथल्या सरकारने मठ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. मग गावातल्या मठांमधून उतरवलेली चित्रं याच रिकाम्या मठात आणून ठेवली. म्हणजे देव आहेत, पण पूजा नाही. आई, चपला काढायच्या का हे तू विचारणारच. नाही, काढायच्या नाहीत. युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना प्रवेश फुकट, आपल्याला दीड युरो. आजच्या काळात दीड युरोत दुसरं काय मिळतं ते मला माहीत नाही.

मठाच्या जुन्या चर्चमध्ये आता मुरियो या चित्रकाराची चित्रं आहेत. तो याच गावचा. समोरच मेरीमातेचं भलंमोठं चित्र आहे, चार मीटरहून उंच. त्याची गोष्ट अशी सांगतात की, चित्र जवळून पाहून मठवासी नाराज झाले, फारच ओबडधोबड म्हणाले. मुरियोने ते ठरलेल्या जागी उंच चढवायला लावलं, आणि खालून बघताच सगळे गप्प. खरंखोटं देव जाणे, पण जवळ गेलं की रंगाचे फटकारे खरंच दिसतात. त्याच्याच आणखी एका चित्रात जुस्ता आणि रुफिना या बहिणी आहेत, मातीची भांडी विकणाऱ्या. मूर्तिपूजकांच्या सणाला भांडी द्यायला नकार दिला म्हणून त्यांना जीव गमवावा लागला. त्या या गावच्या रक्षणकर्त्या. त्यांच्या पायाशी मडकी अशी काढली आहेत की आई वाजवून बघेल.

आता आईसाठी एक गोष्ट. सुर्बारान या चित्रकाराचं चित्र आहे. पांढऱ्या झग्यातले सात साधू जेवायला बसलेत, पुढ्यात पाव आणि ताटलीत मांस. उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आदल्या रविवारी बिशप ह्यूगोने ते मांस पाठवलेलं. साधूंचा नियम मांस न खाण्याचा. खावं की टाळावं यावर वाद झाला आणि वाद घालता घालताच सगळ्यांना झोप लागली, ती थेट पंचेचाळीस दिवस! म्हातारा ह्यूगो काठी टेकत आला तेव्हा ते जागे झाले, आणि ताटातल्या मांसाची राख झाली. कोणाच्याही चेहऱ्यावर घबराट नाही. मी त्या चित्रासमोर फार वेळ काढला. आई, अन्न पाठवणारा चुकला की वाद घालणारे? तुझा निकाल कळव.

बाबा, तुमच्यासाठी मात्र वेगळंच चित्र आहे, देवाधर्माचं नाही. गोन्सालो बिल्बाओ या चित्रकाराचं, १९१५ सालचं. तंबाखूच्या कारखान्यातल्या बायका रांगेने सिगार वळतायत आणि ऐन पुढे एक बाई तान्ह्या बाळाला दूध पाजतेय. ज्या कारखान्याचं हे चित्र, तीच आज आमच्या विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मला तिथे आपल्या सोलापूरच्या विडीवाल्या बायका दिसल्या, मांडीवर सूप आणि शेजारी पोर. बिल्बाओने त्यांना बिचाऱ्या केलेलं नाही. एक गंभीर, दुसरी हसतेय, कामाची लगबग चाललीय. यात न कळण्यासारखं काय आहे ते तुम्हीच सांगा.

बाहेर चौकात मुरियोचा पुतळा आहे आणि रविवारी सकाळी स्थानिक चित्रकार आपली चित्रं विकायला मांडतात. तिथे तुमची घासाघीस बघायला मजा येईल. एक चित्र घ्यालच, आणि वर दिवाणखान्यात कुठे लावायचं यावरून आईशी भांडाल.

उन्हाळ्यात नकोच, पारा चाळिशी सहज ओलांडतो. फेब्रुवारी-मार्च बरा. आत आवारांमध्ये झाडं आणि सावली आहे, गुडघे बोलायला लागले तर विसावता येईल. सोमवारी बंद असतं, तो दिवस घरी वरणभाताचा. पासपोर्टची मुदत बघून ठेवा, व्हिसाला वेळ लागतो. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या.

दादाला आणि वहिनीला आठवण सांगा.

तुमची,
धाकटी