ती. आई-बाबा, मी कोरियाला जाते आहे

पुणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेलं की आई आधी "जेवलीस का" विचारते, बाबा फोन स्पीकरवर टाकून पेपर उघडतात आणि मुद्द्याचं बोलणं राहून जातं. म्हणून लिहायला बसले. दोघांनी एकत्र वाचा. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, आईच्या चष्म्याची काडी अजून दोऱ्यानेच बांधलेली असणार.

नोव्हेंबरच्या मध्याला मी कोरियाला जाते आहे. व्हिसा आला, तिकीट काढलं, रजाही मंजूर झाली. तिथल्या मालिकांच्या परदेशी चाहत्यांसाठी सोलमध्ये मेळावा आहे. नट-नट्या रंगमंचावर येऊन बोलतात, मालिकेतली गाणी मूळ गायक समोर गातात आणि मग जिथे चित्रीकरण झालं त्या जागा हिंडून बघायच्या. पुण्या-मुंबईच्या आम्ही बायका मिळून जातोय. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, एक डॉक्टर आहेत. मी एकटी नाही, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

बाबा, तारीख बघून तुम्ही काही बोलणार नाही, मला माहीत आहे. पण पंचाहत्तरी तारखेने वीस नोव्हेंबरला येते आणि त्या दिवशी मी इथे नसेन. कार्यक्रमाच्या तारखा माझ्या हातात नव्हत्या. मी दोन दिवस पंचांग आणि कॅलेंडर समोर ठेवून बसले होते. तुमचा वाढदिवस आजी कायम तिथीनेच करायची, कार्तिकी एकादशीला, विठोबाच्या देवळातून आल्यावर. तिथीने तो नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच येतो. तर दिवाळी सांगलीतच करून मी एकादशीपर्यंत राहते. त्या दिवशी औक्षण आणि उपासाचं, दुसऱ्या दिवशी द्वादशीला पुरणपोळी. पंचाहत्तर दिवे मी लावीन, आईने वाकायचं नाही. दादा शारजाहून वीस तारखेला येतोच आहे, म्हणजे तुमचे दोन वाढदिवस होतील.

"या वयात हे काय" असं तुमच्या मनात येईल. मोठ्याने म्हणणार नाही तुम्ही, पण येईल. बाबा, हे शाळकरी मुलींचं वेड आहे असं लोकांना वाटतं, पण त्याची सुरुवात तशी झालेली नाही. २००२ मध्ये 'विंटर सोनाटा' नावाची मालिका आली, पुढच्या वर्षी ती जपानमध्ये लागली आणि जपानी बायका तिच्यातल्या जागा बघायला कोरियाला जाऊ लागल्या. कोण होत्या त्या? बहुतेक चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, मुलं मोठी झालेल्या, आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी घराबाहेर पडलेल्या. चुनचॉनजवळ नामी नावाचं नदीतलं छोटं बेट आहे, होडीने पाच मिनिटांत पोहोचतात, तिथे उंच झाडांच्या दोन रांगांमधून जाणारी वाट आहे. त्या वाटेवर त्या बायका आपापल्या मैत्रिणींचे हात धरून चालल्या. आता जगभरातून माणसं येतात. नोव्हेंबरात ती झाडं विटकरी रंगाची होतात. मला तिथे चालायचं आहे.

पैशांचंही सांगून टाकते. भिशीचा नंबर या वेळी माझा लागला, त्यात दोन वर्षं बाजूला टाकलेलं थोडं घातलं. आईच्या गुडघ्यासाठी ठेवलेल्या एफडीला मी हात लावलेला नाही, लावणारही नाही. पावती माझ्या कपाटात निळ्या फाइलमध्ये आहे, दादालाही सांगून ठेवलंय. कर्ज काढलेलं नाही. गाडीचे हप्ते तर मार्चमध्येच संपले.

आई, आता तुझ्याशी बोलते.

हे वेड मी तुझ्याकडून घेतलं. दूरदर्शनवर २००६ मध्ये ती राजवाड्यातल्या स्वयंपाकिणीची मालिका हिंदीत लागायची, माझ्या लग्नाच्या आधी. तू कणीक मळायची परात घेऊन टीव्हीसमोर बसायचीस. त्यातल्या छोट्या नायिकेला, जांगगुमला, विचारतात, पदार्थात गोडी कशाची, आणि ती पर्सिमन या फळाचं नाव घेते. कशावरून, तर म्हणे चव तशी लागली म्हणून. तू त्यावर किती हसली होतीस. आणि दुसरा प्रसंग, तिला शिकवणारी हान बाई तिला रोज पाणी आणायला सांगते आणि रोज परत पाठवते. शेवटी पोरगी आधी विचारते, पोट दुखतंय का, घसा धरलाय का, आणि मग कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून देते, हळूहळू प्या म्हणते. तू लगेच म्हणालीस, "बघ, पाणी द्यायचं तर आधी माणूस बघावं." मी तापाने फणफणले की तू तेच करायचीस. अजूनही घसा धरला की मला तुझ्याच हातचं पाणी हवं असतं.

त्या मालिकेतला राजवाडा म्हणून दाखवलेली एक जागा सुवॉनला आहे, सोलपासून लोकलने तासाभरावर. ह्वासॉंग किल्ल्याच्या आत राजाच्या मुक्कामाचा वाडा आहे. मालिकेच्या पलीकडे त्या वाड्याची खरी गोष्ट आहे, ती बाबांना आवडेल. जोंगजो नावाच्या राजाने तो किल्ला १७९४ ते १७९६ या काळात बांधला. त्याचे वडील युवराज होते. राजाने, म्हणजे आजोबांनीच, त्यांना तांदळाच्या पेटीत कोंडून मारलं होतं, तेव्हा जोंगजो लहान होता. वडिलांची समाधी त्याने सुवॉनजवळ नेली आणि १७९५ मध्ये आईला, हेग्योंगला, पालखीतून लवाजम्यासह तिथे आणून तिची साठी केली. आठ दिवसांची ती यात्रा. मिरवणुकीत कोण कुठे चाललं, मेजवानीत कुठले पदार्थ होते, किती खर्च झाला, सगळं सचित्र लिहून ठेवलंय. ज्या दालनात मेजवानी झाली ते नंतर पाडलं गेलं होतं, पुन्हा उभं केलंय. बाबा, तुम्हाला शिवकालीन पत्रं वाचताना जसं वाटतं, तसं मला ते वाचताना वाटलं.

आणि तिथे मी आईला न घेता जाते आहे. आई, जे मनाला लागतं आहे ते हेच. तू म्हणालीही नाहीस की मलाही ने. गणपतीत फक्त विचारलंस, "तिथे फार चालावं लागतं का गं?" मी हो म्हणाले आणि तू विषय बदललास. आई, खरंच फार चालावं लागतं. किल्ल्याच्या तटावर पायऱ्याच पायऱ्या आहेत, मेट्रोत बदलायच्या गाड्या, नोव्हेंबरात रात्री पारा शून्याच्या आसपास. तुझे गुडघे, तुझी शुगर, आणि मेळाव्याच्या वेळा आपल्या हातात नाहीत. तुझे हाल होतील आणि तू ते मला सांगणार नाहीस. म्हणून या खेपेला नाही. जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलंय तसं गुडघ्याचं करून घेऊ, सहा महिने व्यायाम करायचा, नेमाने करायचा, आणि नंतरच्या वसंतात मी तुला नेणार. जेजू बेट मी मुद्दाम या वेळी यादीतून काढलं. ते तुझ्याबरोबर बघायचं. तिथे तुझ्याच वयाच्या बायका ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढतात, युनेस्कोने २०१६ मध्ये त्यांची दखल घेतली. त्यांना तुला भेटवायचं आहे.

जेजूचं निघालं म्हणून. मार्च २०२५ मध्ये आलेली ती तिथलीच मालिका, 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स', होळीनंतर आपण तिघांनी बघितली. म्हणजे आई आणि मी बघत होतो आणि बाबा पेपर आडवा धरून बसले होते. त्यातला बाप लेकीला तिच्या लहानपणापासून लग्नापर्यंत एकच सांगत राहतो: नाही जमलं तर परत ये, मी इथेच आहे. तेव्हा पेपर हलायचा थांबला होता, बाबा. तुम्ही मला हे शब्दांत कधी सांगितलं नाहीत. पण मी सांगलीला परत आले त्या रात्री स्टँडवर तुम्ही कानटोपी घालून उभे होतात, एकही प्रश्न विचारला नाहीत, बॅग घेतलीत आणि रिक्षात बसल्यावर म्हणालात, "आईने पिठलं-भात केलाय." त्या वर्षाबद्दल आणखी लिहीत नाही. तुम्हा दोघांना सगळं माहीत आहे. लॉकडाऊनच्या त्या महिन्यांत रात्री झोप लागायची नाही तेव्हा मी आणि आई लॅपटॉप उशीवर ठेवून एकामागून एक मालिका बघायचो, आणि आई मधेच "हिला कुणीतरी जेवायला घाला रे" असं पडद्याला सांगायची. त्यातून मी बाहेर आले. म्हणून मला त्या माणसांसमोर जाऊन टाळ्या वाजवायच्या आहेत. लांबून, हॉलच्या शेवटच्या रांगेतून का होईना.

तिथली एक पद्धत बाबांना सांगायची राहिली. नटाच्या कार्यक्रमाला चाहते फुलांऐवजी त्याच्या नावाने तांदळाची पोती देतात, वर फीत बांधून ओळीने मांडतात आणि नंतर तो तांदूळ गरजूंना जातो. तुमच्या निरोप समारंभात तुम्ही "हार नकोत, वह्या द्या" म्हणाला होतात. आम्ही बायकांनीही तांदळासाठी वर्गणी काढली आहे. माझ्या वाट्याचा तुमच्या पंचाहत्तरीच्या नावाने.

जेवणाची काळजी करू नकोस, आई. तिथे बौद्ध मठांतलं जेवण शाकाहारी असतं, शिवाय त्यात कांदा-लसूणही नसतो, म्हणजे तुझ्या चातुर्मासासारखंच. बाहेर मात्र जपावं लागतं, किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या भाजीत, बहुधा मासळीचं खारवण असतं. मी विचारूनच खाणार, तेवढी वाक्यं पाठ केली आहेत. भाताबरोबर भाज्या मिळतात. बरोबर थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग घेते. भडंग बाबांनी नेहमीच्या दुकानातून आणा, थोडं तिखट. खोल्या उबदार असतात, तिथे जमीनच खालून तापवतात. बाबा, तुमच्या पायांना ते फार मानवलं असतं. अडचण आलीच तर प्रवाशांसाठी १३३० हा नंबर चोवीस तास चालू असतो, इंग्रजीत बोलतात. पोलीस ११२, दवाखान्याची गाडी ११९. हे नंबर फ्रिजवर लावू नका, ते माझ्यासाठी आहेत. फ्रिजवर आपला १०८ आहे तो तसाच राहू दे.

आता मी सांगते ते नीट ऐकायचं.

बाबा, रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही आणि मनाने बंदही करायची नाही. दाढ काढायची ती मी आल्यावर, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. तोवर ठणकली तर सुहासला घेऊन जा आणि दाताच्या डॉक्टरांना गोळीचं पहिल्याच वाक्यात सांगा. डब्यांत वारांप्रमाणे गोळ्या भरून ठेवीन, रिकामे कप्पे मला व्हिडिओवर दाखवायचे. छातीत जरा जरी वेगळं वाटलं तरी गॅस म्हणून ओवा खात बसायचं नाही. आई, सकाळचं फिरणं झाल्यावर नाश्त्याला उशीर नको, आणि शुगर उतरल्यासारखी वाटली तर साखर तोंडात टाकून मग मला फोन. माळ्यावर चढायचं नाही. दिवाळीची भांडी मी काढून देईन, मीच परत ठेवीन. मंगलमावशींना त्या आठवड्यात रात्री झोपायला यायला सांगितलंय, त्यांना नको म्हणू नका, पैसे मी देऊन ठेवलेत.

तिथलं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे. तुमचे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे माझे रात्रीचे नऊ. रोज त्या वेळी फोन करीन. मेळाव्याच्या दिवशी जरा उशीर होईल, तेव्हा काळजी करत दाराशी उभं राहू नका, जेवून घ्या. आई, सुवॉनच्या त्या वाड्यातून मी तुला व्हिडिओ लावणार आहे, तेव्हा दुपारची झोपू नकोस. कुठलं दालन बघायचं ते तू सांग, मी चालते.

दिवाळीला वसुबारसेच्या आदल्या दिवशी रात्रीच्या गाडीने निघते. चकलीची भाजणी दळून आणू नका, मी पुण्याहून आणते.

तुमची
छकू

ता. क. चष्मा याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. मी आल्यावर दोरा दिसला तर नवीन फ्रेम घेईन आणि आईला किंमत सांगणार नाही.